पाचवा सवाल

खराब निघालेल्या मालासाठी भरायच्या रिजेक्शन रिपोर्टच्या फॉर्मवर खाली उजव्या हाताला एक चौकोन असतो, 'मूळ कारण' असं लिहिलेला, काडेपेटीएवढा. गेल्या पावसाळ्यात त्या चौकोनात मी माझ्या हातानं लिहिलं, 'मिक्सरवरील कामगाराचा निष्काळजीपणा'. खाली सही केली, तारीख टाकली आणि चहा प्यायला गेलो. चहा रोजच्यासारखाच लागला. नंतर मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की त्या वेळी काहीच वेगळं वाटलं नाही.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, प्रॉडक्शन मॅनेजर आहे. डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागलो त्याला 22 वर्षं झाली, मधे कंपन्या बदलल्या पण वाळू, भट्टी आणि वितळलेलं लोखंड ओतायचं लॅडल काही सुटलं नाही. आज हाताखाली तीन शिफ्टची मिळून 140 माणसं आहेत, त्यातली 38 कंपनीच्या मस्टरवर आणि बाकीची सगळी काँट्रॅक्टरची.

तर झालं असं, त्या आठवड्यात पाऊस नुसता लागून राहिला होता, पंचगंगा पात्राबाहेर, राजाराम बंधारा कधीचा पाण्याखाली, आणि आमच्या सँडच्या शेडचा एक पत्रा वाऱ्यानं उचकटल्यामुळं नवी वाळू भिजली होती. ज्यांनी फाउंड्री बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, साचा करायची वाळू म्हणजे वाळू, बेंटोनाइट ही चिकट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी, आणि यातलं पाणी साधारण तीन-चार टक्क्यांच्या पुढं गेलं की घात झाला म्हणून समजायचं. साच्यात 1,400 अंशाच्या आसपासचं वितळलेलं लोखंड पडतं, ओलीची वाफ होते, त्या वाफेला वाट मिळाली नाही की ती लोखंडातच कोंडते आणि कास्टिंगच्या पोटात पोकळ्या राहतात. ब्लोहोल म्हणतो आम्ही. वरून नग एकदम चांगला दिसतो, मशीनवर घेतला की भोकं उघडी पडतात.

मिक्सरवर शाहूवाडीकडचा एक पोरगा होता, तेवीस-चोवीस वर्षांचा, काँट्रॅक्टरचा माणूस. त्यानं मिक्सरमधून मूठभर वाळू काढली, दाबली आणि माझ्यापुढं मूठ उघडली. चांगली वाळू दाबली की तिच्यावर बोटांचे ठसे उमटतात, गोळा मोडला की सरळ दोन तुकडे होतात आणि तळहाताला काही लागत नाही. त्याचा तळहात काळा चिखल झाला होता. म्हणाला, "साहेब, ओल लई हाय. जरा कोरडी घालून परत फिरवूया."

भट्टीत मेटल तयार होतं. थांबलो असतो तर ते गरम ठेवायला वीज जळणार, मोल्डर बसून राहणार, कस्टमरचा फोन तर दोनदा येऊन गेलेला. सगळ्यांच्या समोर मी त्याला म्हणालो, "तुला कुणी विचारलंय? चालू कर." त्यानं हात पँटला पुसला आणि मिक्सर चालू केला.

312 नग ओतले. 94 परत आले.

आमच्याकडं अशा वेळी 'फाइव्ह व्हाय'चा तक्ता भरायचा असतो, टोयोटावाल्यांची पद्धत, पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं. पहिला का, ब्लोहोल का आले? वाळूत ओल जास्त होती. दुसरा का, ओल जास्त का राहिली? मिक्सरवाल्यानं बघितली नाही. आणि मी तिथंच थांबलो. तिसरा का विचारला असता तर लिहावं लागलं असतं की त्यानं बघितली होती. चौथ्याला लिहावं लागलं असतं की मॅनेजरनं चालू करायला लावली. पाचवा का म्हणजे मॅनेजरला माहीत नव्हतं काय, आणि त्याचं उत्तर, माहीत होतं, त्याच्या डोळ्यांपुढं मूठ उघडली होती.

दुसऱ्या दिवशी काँट्रॅक्टरनं पोराला गेटवरूनच परत पाठवला. 11 दिवसांचा पगार आणि ओव्हरटाइम नुकसानीपोटी दाबला. त्याला काढा असं मी कुणाला म्हणालो नव्हतो, आणि हे वाक्य मी पुढं दोन महिने स्वतःला ऐकवत राहिलो.

मग एका जुम्म्याला बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, इमामसाहेबांनी तिरमिजी शरीफ या ग्रंथातली एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगितली. लहानपणापासून ऐकलेली, नवीन काही नाही. कयामतच्या, म्हणजे शेवटच्या निवाड्याच्या, दिवशी आदमच्या लेकराचे पाय जागचे हलणार नाहीत, पाच गोष्टींचा सवाल होईपर्यंत: आयुष्य कशात घालवलं, तरुणपण कशात झिजवलं, पैसा कुठनं मिळवला, कुठं खर्च केला, आणि जे माहीत होतं त्याचं काय केलंस. पाचवा सवाल कानावर पडला आणि मला तो तक्ता दिसला. माझा कोरा राहिलेला पाचवा का हाच होता. जे माहीत होतं त्याचं काय केलंस. खोटं वाटेल, पण त्या दिवशी नमाजात कुरआनची सूरह, म्हणजे अध्याय, कुठली चाललीय तिकडं माझं लक्ष लागलं नाही.

माझे अब्बा शाहू मार्केट यार्डात तोलार होते. गुळाच्या सौद्याला रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, लावायचे, वजन करायचं, आकडा मोठ्यानं म्हणायचा, अडत्याचा दिवाणजी लिहून घ्यायचा. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. गूळ काट्याला चिकटतो, विशेषतः पावसाळ्यात पाझरतो, आणि दहा-बारा रवे झाले की ताटावर एक चिकट थर बसतो. अब्बांच्या कमरेला कायम एक ओलं फडकं असायचं. मधेच थांबायचे, ताट पुसायचे, काटा शून्यावर आलाय का बघायचे आणि मगच पुढचा रवा. हमाल वैतागायचे, काय ओ मामू, एवढ्यानं काय होतंय. अब्बा काही बोलायचे नाहीत, पुसत राहायचे. घरी एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी सूरह मुतफ्फिफीनच्या पहिल्या तीन आयती म्हणून दाखवल्या आणि अर्थ सांगितला, नाश असो माप मारणाऱ्यांचा, जे लोकांकडून घेताना पुरेपूर मापून घेतात आणि त्यांना मापून द्यायची वेळ आली की कमी देतात. आपल्याकडं 'मापात पाप' म्हणतात ते हेच, असं म्हणाले.

मला कितीतरी वर्षं वाटायचं की ही सूरह दुकानदारांसाठी आहे. आपण नोकरदार, आपल्या हातात कुठं काटा. काटा रोज माझ्या हातात होता, त्याला पंचिंग मशीन म्हणतात. सकाळी दहा मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या तासाचे पैसे कापायचे, आणि संध्याकाळी लॅडल रिकामा होईपर्यंत पंचवीस मिनिटं जास्त थांबला तर ते मोजायचं नाही, कारण अर्धा तास पुरा झाला नाही. घेताना पुरेपूर, देताना कमी. अगदी आयतीतल्या शब्दांसारखं. ओव्हरटाइमचंही तेच, 1948 च्या फॅक्टरी कायद्यानं दुप्पट दर सांगितलेला, आणि काँट्रॅक्टर सिंगल देतो हे फ्लोअरवरच्या प्रत्येकाला माहीत, मलाही. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या ही हदीस आमच्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. बुखारी या हदीसच्या ग्रंथात त्याच्याही पुढचं आहे, अल्लाह म्हणतो की कयामतच्या दिवशी तीन माणसांच्या विरोधात मी स्वतः उभा राहीन, आणि त्यातला एक म्हणजे ज्यानं मजूर लावला, काम पुरं करून घेतलं आणि मजुरी दिली नाही. वकील नाही, साक्षीदार नाही, खुद्द अल्लाह समोरची पार्टी.

आता मुद्द्यावर येतो. मॅनेजर या माणसाबद्दल इस्लाम काय म्हणतो असं कुणी विचारलं की आमच्यात पहिली आठवते ती अब्दुल्लाह बिन उमर यांनी सांगितलेली, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत असलेली हदीस. कुल्लुकुम राइन, व कुल्लुकुम मसऊलुन अन रइय्यतिही. तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या रयतेबद्दल विचारलं जाणार आहे. इथं मी रयत हा शब्द मुद्दाम वापरला नाही, मुळातच तो आहे. रइय्यत, म्हणजे राखणदाराच्या ताब्यातला कळप. तोच शब्द फारसीतून मराठीत आला आणि रयत झाला, शिवाजी महाराजांच्या तोंडी बसला, कर्मवीरांच्या संस्थेच्या नावात बसला. मसऊल म्हणजे ज्याला सवाल केला जाईल तो, आपला सवाल त्याच घरातला. जबाबदार म्हणजे ज्याच्याकडं जबाब आहे तो. हिशोब अरबीच. आणि अनामत म्हणजे अमानत, मराठीत येताना अक्षरांनी जागा बदलल्या एवढंच. म्हणजे कोल्हापुरातल्या मराठी माणसाला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, ही हदीस समजायला भाषांतर फारसं लागतच नाही. हे सगळे शब्द आपल्या सातबाऱ्याच्या आणि मस्टरच्या भाषेत आधीपासून बसलेत. मला हे कळलं तेव्हा खरंच भरून आलं, कारण मी अरबी वेगळी आणि नोकरी वेगळी असं दोन कप्प्यांत ठेवलं होतं.

या हदीसमधे मला जे सापडलं ते एका शब्दात आहे, 'अन'. म्हणजे 'च्याबद्दल'. सवाल रयतेबद्दल होणार. आमच्या धंद्यात जबाबदारी म्हटलं की मान वर जाते. मी प्लँट हेडला जबाबदार, प्लँट हेड डायरेक्टरला, डायरेक्टर बँकेला आणि कस्टमरला. सोमवारच्या मिटींगला मला विचारतात टनेज किती, रिजेक्शन किती टक्के, एका टनाला वीज किती युनिट जळली. 22 वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की तुझ्या माणसांचं काय. कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगच्या पोरांना मास्क मिळतोय का, रात्रपाळीचा माणूस सलग दुसरी पाळी का करतोय. आणि मीही खालच्या मिटींगला सुपरवायझरला तेच विचारत आलो जे मला वरून विचारलं गेलं. हदीस बोट धरून खाली बघायला लावते. हिशोब घेणारा सगळ्यांच्या वर आहे हे खरं, पण तो हिशोब मागणार कुणाचा, तर तुझ्या खालच्यांचा.

आमच्या एमआयडीसीच्या मागं हातकणंगल्याकडं जाताना उसाची शेतं मोकळी झाली की धनगरांचे कळप उतरतात, शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं बसवून घेतात. एका संध्याकाळी गाडी बंद पडली म्हणून मी तिथं बांधावर बसलो होतो. एक म्हातारा धनगर वाघराच्या, म्हणजे जाळीच्या वाड्याच्या, तोंडाशी उभा राहून एकेक मेंढरू आत घेत होता. बोटं मोजत नव्हता, ओठ हलत नव्हते, नुसता बघत होता. सगळी आत गेली आणि तो तसाच उभा. मी म्हटलं काय झालं मामा, तर म्हणाला, "लंगडं याचंय अजून." पाच-सात मिनिटांनी खरंच एक मेंढरू तीन पायांवर उड्या मारत आलं, त्याला त्यानं उचलून आत टाकलं आणि मग जाळी लावली. गप्पांत कळलं की त्यातली निम्मी मेंढरं त्याची नव्हती, पावण्यांची होती. म्हणाला, "दुसऱ्याची असली की जास्त ध्यान द्यावं लागतंय. माझं मेलं तर मी रडीन, त्यांचं मेलं तर त्यांच्या म्होरं जाऊन काय सांगू?" हुजूर (स.), म्हणजे पैगंबरसाहेब, स्वतः मक्केतल्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या थोड्या मजुरीवर राखायचे, असं बुखारीत आहे. राखणदार कसा असतो हे त्यांनी रानात शिकलेलं होतं.

मी मात्र लंगड्याला मोजतच नव्हतो. तो काँट्रॅक्टरचा होता ना. हा शब्द आमच्या सगळ्या औद्योगिक वसाहतीचा अंगारा आहे, काहीही झालं की लावायचा. बोट कापलं, काँट्रॅक्टरचा माणूस. पगार नाही, काँट्रॅक्टर बघेल. खरं तर 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहून ठेवलं होतं की काँट्रॅक्टरनं पगार दिला नाही तर मूळ मालकानं द्यायचा. पण कायद्याच्या आधी मला दुसरे खलीफा हजरत उमरचा तो किस्सा सांगायचाय. रात्री गस्त घालताना त्यांना मदीनेबाहेर एक बाई दिसली, चुलीवर भांडं, भोवती भुकेनं रडणारी पोरं, आणि भांड्यात नुसतं पाणी, पोरांना झोप लागेपर्यंत वाट बघायला लावायची म्हणून. ती बाई उमरलाच बोल लावत होती, समोर कोण उभा आहे ते तिला माहीत नव्हतं. उमर परत आले, कोठारातून पिठाचं पोतं काढलं आणि नोकर असलमला म्हणाले, माझ्या पाठीवर दे. असलम म्हणाला, मी नेतो. उमर म्हणाले, कयामतच्या दिवशी माझं ओझं तू उचलणार आहेस काय? आणि स्वतः पाठीवर घेऊन गेले, स्वतः फुंकर घालून चूल पेटवली. ज्याचं राज्य इराक, शाम (सीरिया), मिस्र (इजिप्त) पर्यंत होतं तो माणूस.

काम वाटून देता येतं, मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला आम्हाला तेच शिकवतात. ओझं वाटून देता येत नाही. काँट्रॅक्टर माझा असलम होता आणि मी पोतं त्याच्या पाठीवर ठेवून मोकळा झालो होतो.

प्रमोशनच्या वेळचं मला आठवतं. मी मागून घेतलेलं प्रमोशन, दोन वेळा अर्ज करून. हुजूरांकडं हजरत अबू जर यांनी असंच पद मागितलं होतं, किती जवळचा सहाबी, म्हणजे साथीदार, त्यांच्या खांद्यावर हात मारून हुजूर म्हणाले, अबू जर, तू कमकुवत आहेस आणि ही अमानत आहे, कयामतच्या दिवशी ही नामुष्की आणि पस्तावा ठरेल, ज्यानं हक्कानं घेतली आणि तिचं देणं पुरं केलं तो सोडून. यावर मला बरेच दिवस एक शंका होती की मग पैगंबर यूसुफ अलैहिस्सलामनी मिस्रच्या बादशहाकडं खजिन्याचं काम स्वतः तोंडानं कसं मागितलं, कुरआनमधेच आहे. पण त्यांनी मागताना कारण दिलंय, मी राखणारा आहे आणि जाणणारा आहे. हफीज आणि अलीम. पुढं दुष्काळ येणार हे त्यांना माहीत होतं आणि धान्य राखायचं कसं तेही. मी अर्जात काय लिहिलं होतं तर इतक्या वर्षांचा अनुभव आणि सीनिऑरिटी. राखायचं कुणाला, हा विचारच नव्हता त्यात.

दिवाळीच्या भेटींचं पण थोडक्यात सांगून टाकतो. वाळूवाला, स्क्रॅपवाला, काँट्रॅक्टर, सगळ्यांचे बॉक्स येतात, कधी चांदीचं नाणं. जकात गोळा करायला पाठवलेला एक माणूस परत येऊन म्हणाला होता, हे तुमचं आणि हे मला भेट मिळालं. हुजूर मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावर, चढले आणि म्हणाले, हा आपल्या आईबापाच्या घरात बसून राहिला असता आणि मग बघितलं असतं, भेट येते का. याच्यावर मला काही जोडायचं नाही. यंदा काँट्रॅक्टरचा बॉक्स परत पाठवला. ज्याचा काजू खाल्ला त्याला 11 दिवसांच्या पगाराबद्दल कुठल्या तोंडानं विचारणार होतो?

पण मला खरं हलवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आमच्यात हक्क दोन प्रकारचे मानतात, हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क. नमाज चुकली, रोजा चुकला, तौबा केली तर तो माफ करणारा आहे. बंद्याचा हक्क मारला तर तो बंदा माफ करेपर्यंत सुटका नाही. सहीह मुस्लिममधे आहे, हुजूरांनी विचारलं, दिवाळखोर कोण माहीत आहे का? लोक म्हणाले, ज्याच्याकडं दिरहम नाही, सामान नाही तो. हुजूर म्हणाले, माझ्या उम्मतमधला, म्हणजे मला मानणाऱ्यांमधला, दिवाळखोर तो, जो कयामतला नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली, कुणावर खोटा आळ घेतलेला, कुणाचा माल खाल्लेला. मग त्याची पुण्यं एकेकाला वाटली जातील, आणि ती संपली आणि देणं राहिलं तर त्या लोकांची पापं याच्या अंगावर टाकली जातील. शिवी, आळ आणि माल. सगळ्यांसमोर बोललेलं वाक्य, चौकोनातले तीन शब्द, 11 दिवसांची मजुरी. तिन्ही माझ्याकडं होतं.

कुणी म्हणेल की हे सगळं मुसलमानानं मुसलमानाशी वागायचं, तो पोरगा तर हिंदू. तसं समजणारे आमच्यात पण भेटतात म्हणून स्पष्ट लिहितो. चौथे खलीफा हजरत अलींनी मालिक अश्तरला मिस्रचा गव्हर्नर म्हणून पाठवताना जे लांबलचक पत्र लिहिलं त्यात आहे की लोक दोन तऱ्हेचे, एक तर ते दीनमधे, म्हणजे धर्मात, तुझे भाऊ आहेत, नाहीतर घडवणीत तुझ्यासारखेच आहेत. रयत म्हटलं की सगळी रयत. दसरा चौकात शाहू महाराजांनी 1906 साली सुरू केलेलं मुस्लिम बोर्डिंग आहे, तिथल्या मैदानात आमची ईदची नमाज होते. एका ईदला मला उशीर झाला, जागा मिळेल तिथं उभा राहिलो, आणि सजद्यात गेल्यावर दिसलं की माझ्या कपाळापुढं ज्या टाचा आहेत त्या आमच्याच लॅडलवरच्या माणसाच्या, टाचेच्या वर मेटल उडून भाजलेला पांढरा डाग. तो डाग कधी पडला मला माहीत नव्हतं. माझ्याच शिफ्टला पडला असणार.

जानेवारीत मी त्या पोराला शोधायला गेलो. बुखारीत स्पष्ट आहे, ज्यानं आपल्या भावाची अब्रू किंवा दुसरं काही मारलं असेल त्यानं आजच त्याच्याकडून माफ करून घ्यावं, ना दिनार असेल ना दिरहम असा दिवस यायच्या आधी. पन्हाळ्याच्या पायथ्याकडं एका गुऱ्हाळावर आहे असं कळलं. दुपारची वेळ, काहिलीत रस उकळत होता, गुळव्या मळी काढत होता, आणि हा खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाड सारत होता. फाउंड्री सुटली पण जाळ सुटला नाही. मला बघून उठला, हात पँटला पुसला. अगदी तसाच.

11 दिवसांचा पगार आणि ओव्हरटाइम दुपटीनं लावून मी पाकीट नेलं होतं, माझ्या खिशातलं. त्यानं मोजून घेतलं, मला आवडलं ते, हक्काचे पैसे मोजूनच घ्यावेत. मग मी म्हणालो, मी तुझ्यावर खोटं लिहिलं, मला माफ कर. तो बराच वेळ जाळाकडं बघत होता. चिपाडाचे दोन कवळे आत सारले आणि मग म्हणाला, "साहेब, पैशाचं मिटलं. पर त्या कागदाचा फोटू काँट्रॅक्टरच्या मोबाइलात हाय. उद्यमनगरात दोन ठिकाणी गेलो, त्यानं दोन्हीकडं त्योच पाठीवला."

मला हे माहीत नव्हतं. काडेपेटीएवढ्या चौकोनातले तीन शब्द पुढं पुढं चालत गेले होते, मी चहा पीत असताना.

निघताना त्यानं विचारलं, "माझ्या जाग्यावर कोण हाय आता?" म्हटलं झारखंडचा एक नवा पोरगा आहे. "त्याला मूठ दाबून बघायला शिकवलं काय कुणी?"

कुणीच शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला मी मिक्सरपाशी उभा राहून त्या नव्या पोराला मूठ दाखवली, ठसे, तुकडे, तळहात, सगळं. त्याला म्हटलं ओल जास्त वाटली की मिक्सर तू थांबवायचा, कुणाला विचारायचं नाही, मलाही नाही. खलीफा झाल्यावर हजरत अबूबकरनी पहिल्याच भाषणात सांगितलं होतं, मी तुमच्यातला सगळ्यात चांगला नाही, बरोबर वागलो तर मदत करा, चुकलो तर मला सरळ करा. मला सरळ करणारी मूठ मी एकदा सगळ्यांसमोर खाली करायला लावली होती. आठवड्याभरात पाण्याचा व्हॉल्व्ह गळायला लागला आणि त्यानं खरंच मिक्सर थांबवला, भट्टीत मेटल तयार असताना. 35 मिनिटं गेली. सोमवारच्या मिटींगला मला त्या 35 मिनिटांबद्दल विचारलं, मी सांगितलं कोणी थांबवलं आणि का, आणि त्याला थांबवायला मीच सांगितलंय.

जुना रिपोर्ट मी काढून घेतला. प्लँट हेड म्हणाले फाइल बंद झालीय, कस्टमरनं मान्य केलंय, आता कशाला उकरायचं. मी दुसरा फॉर्म भरला, पाचही का पुरे लिहिले, चौकोनात लिहिलं, 'कामगारानं ओल जास्त असल्याचं सांगितलं होतं, प्रॉडक्शन मॅनेजरनं न ऐकता काम चालू ठेवलं', आणि खाली सही केली. त्याचा फोटो काढून त्याला पाठवला. संध्याकाळी गुऱ्हाळ बंद झाल्यावर त्याचा फोन आला. माफीचं काही बोलला नाही, मीही परत विचारलं नाही. त्यानं एवढंच विचारलं की हा नवा फोटो त्या दोन फाउंड्र्यांना कोण दाखवणार.

उद्या सुट्टी टाकलीय. सकाळी काँट्रॅक्टरचं ऑफिस, मग उद्यमनगर.